नऊ नंबरचे लाकूड व्यापारी

ताई तीन वाजता आली आणि आल्याआल्या तिनं काउंटरवर फाईल ठेवली. बसणं नाही, घाम पुसणं नाही, आधी फाईल.

"सहा वाजता मुदत संपते," ती म्हणाली. "मी नाश्त्याच्या खोलीत बसते. चहा पाठवा. बिनसाखरेचा."

"ताई, आधी पाणी तरी पी."

"बंड्या, पाणी मी घरीही पिते."

मी सदुसष्ट वर्षांचा आहे. मला बंड्या म्हणणारं जगात आता हे एकच माणूस उरलं आहे. त्यामुळे ती काहीही बोलली तरी मला पटकन राग येत नाही. त्या दिवशीही आला नाही. भीती मात्र वाटली.

फाईलमध्ये काय आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. एका कंपनीला आमचं हॉटेल पंधरा वर्षं चालवायला द्यायचा करार. वडिलांनी हॉटेल आम्हा भावंडांच्या नावावर अर्धं अर्धं केलं होतं, पण चालवलं ते माझ्या बायकोनं. बेचाळीस खोल्या, तीन मजले, एक सतत कुरकुरणारी लिफ्ट. बायकोला जाऊन आठ महिने झाले होते. पहिले सहा महिने आम्ही ते नुसतं ओढलं. कधी चादरी कमी पडायच्या, कधी सत्तर उकडलेली अंडी टाकून द्यावी लागायची. मग ताईनं कंपनी शोधली आणि सूनबाईनं दोन महिने मागितले.

सूनबाई आधी स्क्रूच्या कारखान्यात होती. हजारात किती स्क्रू खराब निघतील ते आधी सांगायचं, हे तिचं काम. हिच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, अकरा वर्षांच्या वह्या तिनं कपाटातून काढल्या. ही रोज लिहायची: बुकिंग किती, आले किती, न आलेले किती, नाश्त्याला किती बसले, धुवायला टॉवेल किती गेले. सूनबाईनं ते सगळं कॉम्प्युटरवर चढवलं आणि तक्ते काढले. कोणत्या वारी किती लोक आठच्या आधी नाश्ता करतात, एक खोली साफ करायला किती मिनिटं लागतात, सकाळी काउंटरवर गर्दी नेमकी केव्हा होते. अंडी तीन हप्त्यांत उकडायला लावली. साफसफाईच्या बायकांच्या वेळा बदलल्या. हे सगळं ताईनं मान डोलावत ऐकलं होतं. अडलं ते एकाच गोष्टीवर.

सूनबाई रोज एक बुकिंग जास्त घ्यायची.

"शंभरातले आठ जण येतच नाहीत, आत्या," तिनं दोन महिन्यांपूर्वी समजावलं होतं. "खोली त्यांची वाट बघत रिकामी राहते. म्हणून एकेचाळीस खोल्यांना बेचाळीस बुकिंग घ्यायची."

"आणि बेचाळीसच्या बेचाळीस आले तर?"

"शंभर दिवसांत तीन दिवस तसं होईल."

"माणसं म्हणजे स्क्रू नव्हेत, सूनबाई," ताई म्हणाली होती. "दोन महिने दिले तुला. पण बुकिंग असलेला एक जरी पाहुणा खोली नाही म्हणून दारातून परत गेला, तर त्याच दिवशी सही. बंड्या, शब्द दे."

मी शब्द दिला होता. ताई फाईल घेऊन आली तो साठावा दिवस होता. एकोणसाठ दिवस कोणी परत गेलं नव्हतं.

हॉटेलात खोल्या बेचाळीस आणि सूनबाई मोजायची एकेचाळीस. कारण नऊ नंबरला लाकूड व्यापारी होते. कायमचे. रजिस्टरात रोज सकाळी तसं लिहिलेलं असायचं, आणि लिहायचो मी.

*

त्या दुपारचं सूनबाईनं मला नंतर सांगितलं, तसं लिहितो.

चार वाजता तिच्या कागदावर छत्तीस खुणा झाल्या होत्या. साडेचारला अडतीस. पावणेपाचला एक जोडपं आलं, त्यांच्या मागोमाग एक औषध विक्रेता. चाळीस. एरवी या वेळेपर्यंत एखादा तरी फोन यायचा, की जमत नाही, येत नाही. त्या दिवशी फोन हूं की चूं करत नव्हता.

काउंटरवर तिच्या शेजारी काका होते. काका आमच्याकडे तीस वर्षं आहेत. काउंटरचे काका हेच त्यांचं नाव झालं आहे. मऊ माणूस. कोणी डोळ्यांत पाणी आणून खोली मागितली की काका स्वतःचं घरसुद्धा देऊन टाकतील.

"काका, किती राहिले?"

"दोन. एक ते शाळेचे निरीक्षक. आणि एक बाई, वडिलांना घेऊन येतायत. उद्या सकाळी वडिलांची तपासणी आहे."

"खोली एकच आहे."

"हो ना," काका म्हणाले आणि पेन्सिलीला टोक करू लागले. टोक आधीच होतं.

तेवढ्यात निरीक्षक आले. बूट पुसून, अगदी वेळेवर. सूनबाईनं हसून चावी दिली आणि म्हणाली, "स्वागत आहे." ती मला म्हणाली, "बाबा, आयुष्यात कुठल्या माणसाचं येणं मला इतकं जड गेलं नसेल. आणि बिचाऱ्यानं जाताना आभार मानले."

चाव्यांच्या फळीवर एकही चावी उरली नाही. नऊ नंबरचा खिळा तर कायमच रिकामा असायचा.

तिनं आपला तक्ता पुन्हा पाहिला. तिला त्या तक्त्याचं एक जुनं दुखणं होतं. भरलेल्या खोल्या आणि धुवायला गेलेले टॉवेल यांचा मेळ रोज एका खोलीनं चुकायचा. नाश्त्याचंही तेच. साफसफाईच्या बाईला तिनं दोनदा विचारलं होतं, "मावशी, नऊ नंबरचे टॉवेल का येत नाहीत?" मावशी म्हणायच्या, "ते वापरत नाहीत, वहिनी." काकांना विचारलं तर काका म्हणायचे, "फिरतीवर असतात जास्त." पैशांचं मी बघायचो, म्हणून ती त्यापुढे गेली नाही. तिला वाटलं, आपल्याच आकडेमोडीत कुठंतरी भोक आहे. आणि त्या दुपारी तिला वाटलं की त्याच भोकातून आता सगळं हॉटेल जाणार.

सहाला वीस मिनिटं कमी असताना फोन वाजला. तिनं झडप घालून उचलला.

"आम्ही निघालोय हं," पलीकडून बाईंचा आवाज आला. "गाडी वाटेत थांबली होती. सव्वासहापर्यंत पोचतो. बाबांना जास्त बसवत नाही. खोली ठेवाल ना?"

सूनबाई म्हणाली, "ठेवते."

फोन ठेवल्यावर काका हळूच म्हणाले, "सहाला बुकिंग संपतं, वहिनी. नियम आहे. पाटीवर लिहिलंय."

"मी ठेवते म्हणाले, काका."

*

माझा मुलगा तेव्हा मागच्या दारातून धावत आला. शर्ट घामानं चिकटलेला. आता त्याच्याबद्दलही लिहिलं पाहिजे. आदल्या आठवड्यात त्यानं बायकोच्या नकळत आत्याला फोन केला होता. "तू सही कर, मी आड येणार नाही. मला लिफ्ट आणि पंपाच्या मागे धावायचा कंटाळा आलाय," असं म्हणाला होता. ते ताईनं मला सांगितलं होतं आणि मी सुनेला सांगितलं नव्हतं. आमच्या घरात त्या दिवसांत प्रत्येकाकडे दुसऱ्याचं काहीतरी झाकलेलं होतं.

तो थेट नाश्त्याच्या खोलीत ताईकडे गेला. मी तिथंच होतो. ताईचा चहा गार झाला होता.

"आत्या, समोरच्या लॉजमध्ये मी एक खोली अडवून आलोय. चांगली आहे. खाली आहे, म्हाताऱ्यांना जिने नकोत. मी स्वतः सामान नेऊन देतो."

"म्हणजे दारातून परतच ना?" ताई म्हणाली.

"परत कसलं? रस्ता ओलांडून!"

"चार दिवसांपूर्वी तूच म्हणालास ना, सही कर म्हणून? आता एवढा धावतोस कशाला?"

दारात सूनबाई उभी होती. तिनं ऐकलं. नवऱ्याकडे एकदा पाहिलं. तोही तिच्याकडे पाहत राहिला.

"असं म्हणालास?" तिनं विचारलं.

"म्हणालो." त्यानं मान खाली घातली नाही, हे मला आवडलं. "कंटाळलो होतो. पण मघाशी काउंटरवर तुझा चेहरा पाहिला आणि पाय आपोआप समोर गेले. शिव्या नंतर दे. आधी सांग, त्यांना समोर नेऊ का?"

"नको. आपण खोली देतो म्हणालोय."

"अगं, सहा वाजले की बुकिंग आपोआप जातं! आत्या, हे तर धरशील ना? सव्वासहाला आलेला माणूस बुकिंग असलेला पाहुणाच नाही."

नियम नियमच असतो आणि ताई नियमाची माणूस. ती म्हणाली, "ते बरोबर आहे. सहानंतर आले तर मी मोजणार नाही."

सुटका समोर होती. सूनबाईनं नुसतं हो म्हणायचं होतं. घड्याळात सहाला सात मिनिटं होती.

"मोजा, आत्या," ती म्हणाली. "त्यांनी सहाच्या आत फोन केला आणि मी शब्द दिला. तो पाहुणा माझाच आहे. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की शंभरात तीन वेळा असं होणार. मी काही खोटं बोलले नव्हते. पण तुमची अट एकही नको, अशी होती आणि ती मी मान्य केली होती." मग तिनं हातातला कागद टेबलावर ठेवला. "पेन आहे का तुमच्याकडे?"

ताईच्या नजरेतून मी ते पाहू शकलो असतो तर बरं झालं असतं. तिनं मला पुढे सांगितलं, की त्या क्षणी तिला सही करायची अजिबात इच्छा उरली नव्हती. पण अट तिनंच घातली होती, आणि ती मोडायची कशी हे तिला येत नव्हतं. आमच्या वडिलांनाही यायचं नाही. तिनं पर्समधून पेन काढलं.

माझ्या खिशात चावी होती.

*

नऊ नंबर ही आमची सगळ्यात वाईट खोली. बॉयलरच्या वर, त्यामुळे जमीन कायम कोमट. पूर्वी खरोखरच एक लाकूड व्यापारी महिन्याला आठ दिवस तिथं उतरायचे. ते यायचे बंद झाले, पण हिनं त्यांचं नाव रजिस्टरातून काढलं नाही. कारण होते काका. काका एकही खोली शिल्लक ठेवायचे नाहीत, कोणालाही देऊन टाकायचे. म्हणून हिनं एक खोली काकांपासून लपवली. व्यापारी रोज मुक्कामाला असायचे. चावी हिच्या पर्समध्ये. संध्याकाळी अगदी कोणी अडलं, तर ही म्हणायची, "अरे हो, व्यापाऱ्यांनी मघाशीच खोली सोडली," आणि चावी काढून द्यायची. रात्री घरी आल्यावर आम्ही दोघं हसायचो. "आज व्यापारी बरे होते ना?" "जरा खोकला आहे त्यांना." अशी आमची चेष्टा चालायची.

ती गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी रजिस्टर उघडलं आणि हात आपोआप गेला. नऊ नंबर, लाकूड व्यापारी, मुक्काम. मग रोजच. त्यांना खोली सोडायला मी कधी लावलंच नाही. ते काम तिचं होतं. ही गोष्ट दोघांचीच होती, आणि दोघांतलं एक उरल्यावर ती कोणाला सांगितली की संपली असती.

शिवाय आता सांगायचं म्हणजे सुनेला तोंडघशी पाडायचं. तिचा सगळा तक्ता एका नसलेल्या माणसावर उभा होता, आणि तो माणूस मी तिला रोज सकाळी लिहून देत होतो.

ताईनं पेनचं टोपण काढलं. मी म्हणालो, "थांब ताई. व्यापाऱ्यांनी खोली सोडली."

"कोणी?"

"नऊ नंबरच्या." मी चावी टेबलावर ठेवली.

सूनबाईनं चावीकडे पाहिलं. "बाबा, ते कधी गेले? मी पूर्ण वेळ काउंटरवर होते."

"अकरा वर्षांपूर्वी," मी म्हणालो.

मग मी सगळं सांगितलं. मला नीट सांगता येत नाही, पण सांगितलं. शेवटी म्हणालो, "पोरी, तुझं गणित रोज एकानं चुकायचं ते माझ्यामुळे."

ती आधी खुर्चीवर बसली. मग तिनं दोन्ही हात तोंडावर धरले. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसत होती.

"म्हणजे टॉवेल!" ती म्हणाली. "मी त्या माणसाला किती नावं ठेवली, बाबा! दोन महिने अंग पुसत नाही म्हणून!"

मुलगा बोटांवर मोजत होता. "म्हणजे बेचाळीस खोल्या. आणि तू बुकिंग घेत होतीस बेचाळीस."

"हो."

"मग जास्त कुठं घेतलंस?"

सूनबाईचं हसू थांबलं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, मग ताईकडे. "कुठंच नाही," ती हळूच म्हणाली. "दोन महिने रोज दुपारी मी जीव मुठीत धरून खुणा मोजायचे. आणि मी काहीच जास्त घेतलं नव्हतं."

"सोन्यासारखं हॉटेल तुम्हा लोकांच्या हातात आहे," ताई म्हणाली. पण तिनं पेनचं टोपण लावलं.

काका दारात येऊन उभे होते. मी त्यांना म्हणालो, "काका, माफ करा. तुमच्यापासून लपवलं."

"माझ्यापासून?" काका म्हणाले. "मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. व्यापाऱ्यांना कधी पत्र नाही, कधी निरोप नाही. म्हटलं, मालकीणबाईंना बरं वाटतंय ना, मग असू दे. आणि आज तुम्ही बोलेपर्यंत मी कोण बोलणार?"

*

सव्वासहा वाजून गेले होते. बाई आणि त्यांचे वडील आले. वडील लिफ्टच्या आवाजाला घाबरले, माझ्या मुलानं त्यांना धरून वर नेलं. मी रजिस्टर उघडलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा लिहिलं: व्यापाऱ्यांनी खोली सोडली.

सूनबाई तोवर कपाटातून वह्या घेऊन आली होती. अकराच्या अकरा. "मी आकड्यांचे रकाने तेवढे घेतले," ती ताईला सांगत होती. "समासात सासूबाई बारीक अक्षरात काहीबाही लिहायच्या. दूध नासलं, नळ गळतो. मला वाटलं, ते काय मोजायचं! आत्या, तुम्ही या पाच घ्या. जिथं समासात व्यापारी गेले असं असेल, त्या दिवशी बेचाळिसावी खोली लागली. तिथं एक रेघ."

"मी?"

"तुमचा चष्मा जवळचा आहे ना?"

दोघी बसल्या. ताई अशी कोणाच्या सांगण्यावरून बसलेली मी पन्नास वर्षांत पाहिली नव्हती. मी चहा करून आणला. साखर घालून, आणि तिनं तो न बोलता प्यायला. मधूनच एखादी रेघ ओढल्याचा आवाज यायचा.

"या वर्षी बारा," ताई म्हणाली.

"माझ्याकडे दहा. पुढच्यात अकरा."

"इथं तेरा. नाही, बारा. एक तुझ्या सासूनं खोडलाय."

सगळं झाल्यावर सूनबाईनं बेरीज केली आणि भागली. "वर्षाला अकराच्या आसपास."

ताईनं फाईल उघडली. करार बाजूला सारला आणि खालून एक कागद काढला. दोन महिन्यांपूर्वी सूनबाईनं तिला लिहून दिलेला. ताई कुठलाच कागद फेकत नाही. तिनं चष्मा सावरून मोठ्यानं वाचलं, "एकेचाळीस खोल्यांना बेचाळीस बुकिंग घेतल्यास, सगळे पाहुणे येतील असे दिवस वर्षाला सुमारे अकरा."

सूनबाईनं तो कागद हातात घेतला आणि स्वतःचंच अक्षर पुन्हा वाचलं.

"तुला हे कोणी सांगितलं होतं?" ताईनं विचारलं.

"कोणीच नाही. न येणाऱ्यांवरून काढलं."

"आणि तिनं?"

"त्यांनी अनुभवावरून काढलं असेल. त्याही एकच खोली बाजूला ठेवायच्या. दोन नाही, शून्य नाही. एकच." तिचा आवाज बारीक झाला. "बाबा, माझं बरोबर होतं."

"बरोबरच होतं," मी म्हणालो.

ताई वही चाळत होती. तिचं बोट एका पानावर थांबलं ते थांबलंच. मला वाटलं तिला झोप लागली. मी वाकून पाहिलं. हिचं अक्षर. समासात, तिरकं, जागा पुरत नाही म्हणून वर वळवलेलं.

व्यापारी सव्वासातला गेले. वन्सं आल्या. काही विचारायचं नाही. दूध पाठवलं.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. नवरा गेल्यावर ताई दिरांच्या घरात राहत होती. तिथून एका संध्याकाळी ती बॅग घेऊन न कळवता आली, चार दिवस राहिली आणि मग स्वतःचं घर करून राहू लागली. तिथं काय झालं होतं ते तिनं आजवर कोणाला सांगितलेलं नाही. पण त्या चार दिवसांचा राग तिनं हिच्यावर कायम धरला होता. अर्ध्या हॉटेलची मालकीण, आणि मला बॉयलरवर टाकलं. आणि काय झालं असं एका शब्दानं विचारलंसुद्धा नाही. हे ती दर भेटीत ऐकवायची. हिच्या आजारपणातही एकदा ऐकवलं होतं. ही तेव्हा नुसती हसली होती.

ताईनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. पुन्हा वाचलं.

"त्या दिवशी दुसरी खोली नव्हती?" तिनं मला विचारलं.

मी तारखेपुढचा आकडा दाखवला. एकेचाळीस भरलेल्या.

"मला वाटलं तिनं मुद्दाम विचारलं नाही," ती म्हणाली.

"मुद्दामच होतं, ताई."

तिनं मान हलवली. बराच वेळ त्या पानावर हात ठेवून बसली. मग एकदम उठली, फाईल पर्समध्ये कोंबली. फाईल मावत नव्हती, तरी कोंबली.

"कंपनीला मी उद्या कळवते," ती म्हणाली. "का देत नाही म्हणून विचारतील. सांगेन, घरातच हिशेबाला माणूस आहे." मग सूनबाईकडे वळली. "आणि तू. यापुढं समाससुद्धा मोजायचा."

"हो, आत्या."

"मी आज राहते. कुठली खोली?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मुलगा हसू दाबत म्हणाला, "आत्या, बेचाळीसच्या बेचाळीस भरल्या. समोर लॉजमध्ये एक अडवून ठेवलीय. रस्ता ओलांडून."

"गाढवा," ताई म्हणाली. ती हसली तेव्हा मला ती बारा वर्षांची दिसली. ती आमच्या घरी राहिली, हिच्या पलंगावर.

*

सकाळी सातला मी काउंटरवर गेलो. सवयीनं. सूनबाई आधीच तिथं होती. तिचा नवरा स्टुलावर बसून तिच्या शिव्या खात होता. उरलेल्या, असं तो म्हणाला. रजिस्टर उघडं होतं. नऊ नंबरपुढे बाईंचं आणि त्यांच्या वडिलांचं नाव. त्याखाली पेन्सिलीनं, सूनबाईच्या अक्षरात: दहानंतर, लाकूड व्यापारी, मुक्काम.

"राहू देत ना, बाबा?" तिनं विचारलं. "मी सहा महिने आणखी मोजते. सुट्ट्यांच्या दिवसांत एक पुरत नसेल, तर त्यांचा भाऊ आणू."

"चालेल," मी म्हणालो. खिशात हात घातला. चावी नव्हती, आणि ते लक्षात यायला मला थोडा वेळ लागला.

म्हातारे बाबा तपासणीला जायला निघाले. छान झोप लागली म्हणाले. जमीन कोमट होती, पाय दुखले नाहीत.

साडेदहाला मावशी धुवायचं गाठोडं घेऊन आल्या. सूनबाई कागद घेऊन बसली आणि मावशी एकेक खोली सांगू लागल्या. सात नंबर, दोन. आठ नंबर, दोन. मग त्या थांबल्या आणि माझ्याकडे पाहिलं.

"नऊ नंबर," त्या म्हणाल्या, "दोन."

मी ते टॉवेल हातात घेतले. अजून ओले होते. गाठोड्यात ठेवले. मावशींनी पुढचं सांगायला सुरुवात केली आणि शेवटी सूनबाईनं बेरीज केली. बेचाळीस खोल्या, चौऱ्याऐंशी टॉवेल. तिनं पुन्हा एकदा केली, मग कागद माझ्यासमोर धरला.

"बघा, बाबा," ती म्हणाली. "जुळलं."